शोध एकाचा, कारखाना दुसऱ्याचा

शोध लावणारा एक, त्यासाठी पैसा घालणारा दुसरा आणि त्याची फळे चाखणारा तिसरा, हा औद्योगिक इतिहासातील काही नवा अनुभव नव्हे. परंतु मोटारगाडीच्या बॅटरीच्या बाबतीत तो जितक्या स्वच्छपणे आणि जितक्या थोड्या काळात पाहावयास मिळाला, तितका अन्यत्र क्वचितच मिळाला असेल. लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांच्या संयुगावर चालणारी बॅटरी १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील टेक्सस विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जन्मली. तिचे पहिले दुखणे कॅनडात बरे झाले. अमेरिकी सरकारच्या मदतीने तिचा मोठा कारखाना उभा राहिला आणि बुडालाही. आज मात्र या जातीच्या जगातील जवळजवळ सर्व बॅटऱ्या चीनमध्ये तयार होतात. २०२० च्या जानेवारीत बाजारात आलेली नेक्सन ही विजेवरची मोटार पुण्याजवळ रांजणगावला बांधली गेली, तिच्या पोटातही याच जातीचे घट होते आणि ते पुरविणारी कंपनी चिनी होती.

असे का व्हावे? टेक्ससला बुद्धीची वाण होती असे नाही, अमेरिकेला भांडवलाची तर मुळीच नव्हती. या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात थोडे आणि अर्थशास्त्रात पुष्कळसे सापडते. भारतात बॅटरीचे कारखाने काढण्यासाठी सरकारी तिजोरीतून हजारो कोटी रुपये बाजूला ठेवण्यात आले आहेत, म्हणून त्या उत्तराची विचारपूस करणे येथील करदात्यांच्या आणि ग्राहकांच्या हिताचे आहे.

हरलेली पहिली शर्यत

विजेवर चालणारी गाडी ही एकविसाव्या शतकाची कल्पना आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ सालीच तयार केली. १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या पट्ट्यांवर लेप चढविण्याची रीत काढली आणि ती बॅटरी कारखान्यात करता येण्याजोगी झाली. ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातील पहिली मोटारगाडी पेट्रोलची नव्हती, विजेची होती. हा विक्रम कामीय जेनात्झी या बेल्जियन मोटारपटूने १८९९ मध्ये केला. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,५७५ विजेवरच्या होत्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. उरलेल्या वाफेवर चालत.

त्यानंतर पंधरा वर्षांत हे चित्र साफ पालटले. १९०१ च्या जानेवारीत टेक्ससमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड साठा लागला आणि खनिज तेल स्वस्त झाले. १९०८ मध्ये हेन्री फोर्डने आपली ‘मॉडेल टी’ ८५० डॉलरला बाजारात आणली आणि पुढे उत्पादन वाढवीत तिची किंमत ३०० डॉलरच्या आत आणली. थॉमस एडिसनने या शर्यतीत बॅटरीच्या बाजूने उडी घेतली होती. त्याची निकेल-लोहाची बॅटरी १९०३-०४ च्या सुमारास विक्रीला आली. पण ती गळू लागली, परत घ्यावी लागली आणि सुधारलेली बॅटरी येईतो १९०९-१० साल उजाडले. तोपर्यंत गिऱ्हाईक निघून गेले होते. शेवटचा घाव तर बॅटरीनेच घातला. हाताने दांडा फिरवून इंजिन चालू करणे हे कष्टाचे आणि धोक्याचे काम होते. चार्ल्स केटरिंगने बॅटरीवर चालणारा स्टार्टर बनविला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत तो बसला. जिने पेट्रोलच्या इंजिनाशी स्पर्धा करावयाची, तिने त्याचीच चाकरी पत्करली. पुढील साठ वर्षे मोटारीतील बॅटरीचे काम एवढेच उरले.

या पहिल्या पराभवातून एक गोष्ट दिसते. एडिसनची बॅटरी निकामी नव्हती. तिच्या घटांनी पुढे अनेक वर्षे खाणींतील आणि रेल्वेवरील कामे केली. ती हरली ती उशिरामुळे आणि किमतीमुळे. बाजारात वस्तूचा गुण एकटा लढत नाही. त्याच्या पाठीशी वेळ आणि उत्पादनाचे परिमाण उभे असावे लागते.

तेलसंकटाचे अपत्य

१९७३ च्या तेलसंकटाने पाश्चात्य जगाला पेट्रोलच्या पंपासमोर रांगेत उभे केले आणि बॅटरीचे भाग्य पुन्हा उजळले. गंमत अशी की, हे काम प्रथम हाती घेतले ते एक्सॉन या तेलकंपनीने. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम हे शास्त्रज्ञ १९७२ मध्ये तिच्या प्रयोगशाळेत रुजू झाले होते. लिथियम हा सर्वांत हलका धातू. त्याचा अणू आपला इलेक्ट्रॉन चटकन सोडून देतो. टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियमचे आयन शिरतात आणि थरांची मांडणी न मोडता बाहेरही येतात, या गुणावर व्हिटिंगहॅम यांनी बॅटरी बांधली. परंतु दुसऱ्या बाजूस शुद्ध लिथियम धातू होता. वारंवार भरताना त्यावर केसासारखे बारीक तंतू उगवत, ते पलीकडच्या अग्राला टेकले की घट पेटे. १९८० नंतर तेलाचा बाजार पालटू लागला, तशी कंपनीची या कामातील गोडीही आटली. संकटाच्या धाकाने सुरू झालेले संशोधन संकट ओसरताच बंद पडावे, हा अल्पमुदतीच्या नफ्याकडे पाहणाऱ्या भांडवलाचा स्वभावच आहे.

धागा इंग्लंडमध्ये उचलला गेला. ऑक्सफर्ड विद्यापीठात जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हे संयुग धनाग्रासाठी वापरून दाखविले आणि घटाचा दाब दोन व्होल्टवरून चार व्होल्टपर्यंत नेला. ऑक्सफर्ड विद्यापीठाला या शोधाचे पेटंट घेण्यात रस वाटला नाही. ते हार्वेलच्या अणुसंशोधन संस्थेकडे गेले आणि गुडइनफ यांना त्यापासून एक पैही मिळाली नाही. १९८५ मध्ये जपानच्या असाही कासेई कंपनीतील अकिरा योशिनो यांनी लिथियम धातूऐवजी कार्बनी पदार्थाचे ऋणाग्र वापरून घट सुरक्षित केला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ही बॅटरी बाजारात आणली. चुंबकीय फिती तयार करताना पातळ पट्टीवर एकसारखा लेप चढविण्याचे जे कसब सोनीने कमावले होते, ते येथे अचूक उपयोगी पडले. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तोपर्यंत बॅटरीचा बाजार तिघांच्याही देशांच्या हातून निसटत चालला होता.

कोबाल्टला लोखंडाचा पर्याय

कोबाल्टची बॅटरी कॅमेऱ्यात आणि टेलिफोनमध्ये शोभली. मोटारीत मात्र तिचे दोन दोष उघडे पडतात. कोबाल्ट महाग असून त्याचा बराच मोठा भाग एकट्या काँगो देशाच्या खाणींतून येतो, आणि तेथील लहानसहान खाणींत मुलांना राबविले जाते याचे पुरावे वेळोवेळी पुढे आले आहेत. दुसरे असे की, घट फार तापला तर या संयुगातून ऑक्सिजन सुटतो आणि आगीला आतूनच हवा मिळते.

गुडइनफ १९८६ मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील विभागात गेले. स्वस्त, मुबलक लोखंडाचे संयुग धनाग्रासाठी वापरता येईल काय, याचा शोध तेथे चालू होता. मद्रासच्या आय.आय.टी.तून डॉक्टरेट घेतलेले अरुमुगम मंथिराम हे त्यांचे या कामातील आधीपासूनचे सहकारी होते. गुडइनफ यांच्या वतीने २०१९ चे नोबेल व्याख्यानही त्यांनीच दिले. लोह-फॉस्फेटवरील मूळ निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर गुडइनफ यांच्या बरोबर पाधी आणि नंजुंदस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत. ट्रिफिलाइट या नावाने निसर्गात आढळणाऱ्या खनिजाची जी रचना, तीच या संयुगाची आहे. त्यात ऑक्सिजनचे अणू फॉस्फरसशी इतके घट्ट बांधलेले असतात की, घट तापला तरी ते सहजी सुटत नाहीत. बॅटरी पेटण्याचा संभव त्यामुळे पुष्कळ कमी होतो. कोबाल्ट नाही, निकेल नाही, आणि आयुष्य दीर्घ.

दोष दोनच. वजनाच्या मानाने वीज वीस ते तीस टक्क्यांनी कमी साठते आणि हे संयुग विजेचे फार वाईट वाहक आहे. दुसऱ्या दोषावर तोड निघाली ती मॉन्ट्रियलला. मिशेल आर्मां आणि त्यांचे सहकारी यांनी हायड्रो-क्वेबेक या वीजसंस्थेच्या साहाय्याने या संयुगाच्या सूक्ष्म कणांवर कार्बनचा पातळ लेप चढविला आणि वीज सुरळीत वाहू लागली.

येथून पुढची काही वर्षे वैज्ञानिकांपेक्षा वकिलांची होती. ऑस्टिनच्या प्रयोगशाळेत काम करून गेलेल्या एका पाहुण्या संशोधकाच्या जपानी कंपनीने आपल्या देशात या संयुगाचे पेटंट मागितले. टेक्सस विद्यापीठाने दावा लावला आणि तो २००८ मध्ये सुमारे तीन कोटी डॉलरवर मिटला. अमेरिकेत आणि युरोपातही पेटंटांचे खटले लांबले. चीनमध्ये मात्र तेथील उत्पादकांनी देशातील वापरासाठी हा घट बनविला तर परवानाशुल्क घ्यावयाचे नाही, अशी व्यवस्था झाली. पाश्चात्य कंपन्यांच्या दृष्टीने त्या वेळी चीनची बाजारपेठ किरकोळ होती. २०२२ च्या सुमारास मुख्य पेटंटांची मुदत संपली, तेव्हा जगाला कळले की हात बसलेले कारागीर एकाच देशात उरले आहेत.

दोन कारखान्यांची कहाणी

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधनातून २००१ मध्ये ए-१२३ सिस्टिम्स ही कंपनी निघाली. लोह-फॉस्फेटचे घट मोठ्या प्रमाणावर बनविण्याचा तिचा संकल्प होता. २००९ मध्ये अमेरिकी सरकारने तिला सुमारे २५ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले आणि मिशिगनमध्ये कारखाना उभा राहिला. परंतु कारखाना उभा राहिला म्हणजे गिऱ्हाईक उभे राहिले असे होत नाही. अमेरिकेत विजेवरच्या मोटारी फारच थोड्या खपत होत्या. २०१२ मध्ये नव्या कारखान्यातील काही घट सदोष निघाले आणि ते बदलून देण्याच्या खर्चाने कंपनीचे कंबरडे मोडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. पुढील वर्षी तिचा मोटार-बॅटरीचा व्यवसाय वानशियांग या चिनी उद्योगसमूहाने विकत घेतला.

दुसरा कारखाना शेंझेन शहरातला. वांग चुआनफू यांनी १९९५ मध्ये स्थापलेली बी.वाय.डी. ही कंपनी प्रथम टेलिफोनच्या बॅटऱ्या करी. महागडी स्वयंचलित यंत्रे घेण्याऐवजी काम लहान लहान टप्प्यांत तोडून ते मजुरांच्या हातून करून घेण्यावर तिचा भर होता. २००३ मध्ये तिने मोटारीचा एक कारखाना विकत घेतला आणि बॅटरी करणारा व ती वापरणारा एकाच छताखाली आला. २००९ पासून चीन सरकारने निवडक शहरांत बस, टॅक्सी आणि सरकारी वाहने विजेवर आणण्याची मोहीम काढली. बसला जागेची आणि वजनाची तितकी चणचण नसते, साहजिकच लोह-फॉस्फेटचा जडपणा तिथे खपून गेला. फूच्येन प्रांतातील निंगद गावी २०११ मध्ये निघालेल्या सी.ए.टी.एल. या कंपनीलाही हाच बाजार मिळाला. २०१५ मध्ये सरकारने मान्यताप्राप्त बॅटरी-उत्पादकांची यादी काढली. त्या यादीबाहेरची बॅटरी बसविली तर अनुदान मिळेना, आणि कोरियन व जपानी कंपन्या आपोआप दाराबाहेर राहिल्या.

हे सारे नेटके आणि दूरदर्शी होते असे समजण्याचे कारण नाही. न बनलेल्या बसांवर अनुदान उचलणाऱ्या कंपन्या २०१६ मध्ये पकडल्या गेल्या. शेकडो लहान उत्पादक बुडाले. किंबहुना अनुदानाचे निकष एके काळी ज्या बॅटरीत वजनाच्या मानाने अधिक वीज साठते तिच्याकडे झुकले होते आणि लोह-फॉस्फेट मागे पडू लागले होते. २०१९ मध्ये अनुदान कापले गेले, तेव्हा प्रत्येक पैशाचा हिशेब होऊ लागला आणि स्वस्त लोखंड पुन्हा पुढे आले. लहान लहान पेट्यांची मध्यस्थी काढून टाकून घट थेट मोटारीच्या संचात बसविण्याची युक्ती याच सुमारास निघाली. बी.वाय.डी.ची लांब पात्यासारखी बॅटरी २०२० च्या मार्चमध्ये आली. घट तोच राहिला, मांडणी बदलली आणि जडपणाचा दोष बराचसा झाकला गेला. २०२१ मध्ये टेस्लाने आपल्या साध्या मोटारींसाठी जगभर हीच बॅटरी वापरण्याचे जाहीर केले. २०२४ मध्ये जगातील विजेवरच्या मोटारींत बसलेल्या एकूण बॅटरी-क्षमतेचा जवळजवळ निम्मा वाटा लोह-फॉस्फेटचा होता.

अनुभवाचे अर्थशास्त्र

टी. पी. राइट या अमेरिकन अभियंत्याने १९३६ मध्ये विमानांच्या कारखान्यांचा अभ्यास करून दाखविले होते की, एकूण उत्पादन दुप्पट होते त्या प्रत्येक वेळी एका विमानाला लागणारे श्रम ठराविक प्रमाणात घटतात. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या ‘करीत करीत शिकण्या’ला सिद्धांताचे रूप दिले. ज्ञान पुस्तकात असते तितकेच हातात असते, आणि हातातले ज्ञान काम केल्यावाचून येत नाही, हा त्याचा मथितार्थ.

बॅटरीइतके याचे लख्ख उदाहरण दुसरे नसेल. २०१० च्या सुमारास एक युनिट वीज साठविणाऱ्या संचाची सरासरी किंमत एक हजार डॉलरच्या पुढे होती. २०२४ मध्ये ती ११५ डॉलरवर आली. तीस युनिटांची बॅटरी असलेल्या लहान मोटारीचा हिशेब केला, तर जिथे तीस हजार डॉलर लागत तिथे साडेतीन हजारांत भागू लागले. या घसरणीत एकट्या कोणत्या महान शोधाचा वाटा नाही. लेप किती जाड द्यावा, भट्टी किती वेळ तापवावी, कारखान्यातील हवेतली दमट किती खाली आणावी, शंभरातले खराब घट दहावरून एकावर कसे आणावे, अशा हजार बारीक प्रश्नांची उत्तरे रोज थोडी थोडी सापडत गेली. ही उत्तरे पेटंटच्या कागदावर नसतात; म्हणून पेटंट विकत घेतले तरी ती मिळत नाहीत.

स्वस्त माल का नाकारावा?

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. चीन स्वस्त बॅटरी देत असेल तर ती घ्यावी, आपला पैसा दुसऱ्या कामी लावावा, असे तुलनात्मक लाभाचा सिद्धांत सांगतो. भारतातील शहरांची हवा लवकर सुधारावयाची असेल तर आयात बॅटरीला नाक मुरडणे परवडणारे नाही. शिवाय संरक्षित बाजाराचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. परवान्यांच्या राज्यात पुण्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारी पिढी अजून हयात आहे. भिंतीआड वाढलेला उद्योग गिऱ्हाइकाला कसा वागवितो, हे तिला कोणी सांगावयास नको.

हा आक्षेप अर्धा खरा आहे. तुलनात्मक लाभ हा जन्मजात नसतो, तो कमावता येतो. शेंझेनने तो तीस वर्षांत कमावला. आणि पुरवठादार एकच असेल तर किमतीबरोबर त्याची मर्जीही सांभाळावी लागते. २०२५ च्या जुलैमध्ये चीनने लोह-फॉस्फेटचे धनाग्र तयार करण्याचे तंत्र सरकारी परवानगीशिवाय परदेशी देण्यावर निर्बंध घातले. जे ज्ञान टेक्ससहून निघाले, त्याच्या निर्यातीवर आता बीजिंगचा पहारा आहे.

भारत सरकारने २०२१ मध्ये बॅटरीच्या घटांचे देशात उत्पादन व्हावे म्हणून १८,१०० कोटी रुपयांची उत्पादन-निगडित प्रोत्साहन योजना मंजूर केली. लक्ष्य ५० गिगावॅट-तास वार्षिक क्षमतेचे होते. ठरलेल्या मुदतीत त्यातील फारच थोडी क्षमता उभी राहिली. त्याआधी २०१८ मध्ये ‘इस्रो’ने उपग्रहांसाठी विकसित केलेले लिथियम घटाचे तंत्र एक कोटी रुपयांच्या शुल्कावर उद्योगांना देऊ केले होते, त्यातूनही जागतिक तोडीचा कारखाना निघाला नाही. उपग्रहाला घट मोजके आणि निर्दोष लागतात, तेथे किमतीचा प्रश्न नसतो. मोटारीला कोट्यवधी लागतात आणि ते स्वस्तही असावे लागतात. या दोन विद्या वेगळ्या आहेत.

२०२३ च्या फेब्रुवारीत जम्मूच्या रियासी जिल्ह्यात लिथियमचा अंदाजी साठा जाहीर झाला, तेव्हा देश आता श्रीमंत झाला अशा थाटाच्या बातम्या झळकल्या. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत एका युनिटमागे लिथियम धातू लागतो तो सुमारे शंभर ग्रॅम. लहान मोटारीला तीन किलो पुरे. सर्वाधिक लिथियम खणून काढणारा देश ऑस्ट्रेलिया आहे, पण त्याच्या खनिजाचा मोठा भाग शुद्धीकरणासाठी चीनला जातो. खाण असणे आणि उद्योग असणे यांतला हा फरक लोहखनिज निर्यात करणाऱ्या गोव्याला आणि कापूस पिकविणाऱ्या विदर्भाला पुरता ठाऊक आहे. दुसरीकडे फॉस्फेटचा विचार मात्र कोणी करताना दिसत नाही. फॉस्फेटी खतांच्या कच्च्या मालासाठी भारत बहुतांशी आयातीवर अवलंबून आहे. मोटार आणि शेत एकाच पोत्यातून खाऊ लागतील त्या दिवशी ओढाताण कोणाची होईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

ई-रिक्षावाल्याचा हिशेब

या चर्चेत खरे गिऱ्हाईक बाजूला पडू नये. भारतात विजेवरच्या वाहनांचा पहिला मोठा बाजार श्रीमंतांच्या मोटारींनी उघडला नाही. तो उत्तरेकडील शहरांतील ई-रिक्षावाल्यांनी उघडला आणि त्यांनी शिशाच्या बॅटरीवर उघडला. ही बॅटरी घेताना स्वस्त पडते. पण काहीशे वेळा भरली-उपसली की थकते. लोह-फॉस्फेटची बॅटरी दोन हजारांहून अधिक वेळा भरता येते, मात्र तिची सुरुवातीची किंमत जड जाते. फेरीमागे खर्च पाहिला तर दुसरी स्वस्त ठरते. तरीही हाती रोकड नसलेला आणि चढ्या व्याजाने कर्ज घेणारा माणूस पहिलीच घेतो आणि पुन्हा पुन्हा घेतो. थकलेली बॅटरी भंगारात जाते, वस्तीतल्या भट्टीवर फोडली-वितळविली जाते आणि शिसे भोवतालच्या मुलांच्या रक्तात उतरते. गरिबाला महाग वस्तू स्वस्त वाटावयास लावणारी ही व्यवस्था तंत्रज्ञानाने बदलत नाही. ती पतपुरवठ्याने बदलते.

सुरक्षिततेचेही तसेच. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर भर दिवसा पेटली आणि त्या वर्षी देशात ठिकठिकाणी असे प्रकार घडले. त्यानंतर बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक झाले. आधी आग आणि मग नियम, हा क्रम उलटा आहे. परक्या घटांचे संच बांधून विकणाऱ्यांना त्या घटांचा स्वभाव पुरता कळलेला नसतो, याचाही तो पुरावा आहे.

पुढचा घट

लोह-फॉस्फेटची गाडी निघून गेली असेल; परंतु फलाटावर दुसरी लागली आहे. लिथियमच्या जागी सोडियम वापरणारी बॅटरी आता प्रयोगशाळेबाहेर पडत आहे. सोडियम मिठात आहे, त्याला ना रियासी हवी ना ऑस्ट्रेलिया. पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेच्या सहकार्याने केलेल्या अनेक वर्षांच्या संशोधनातून के.पी.आय.टी. या पुण्याच्याच कंपनीने २०२३ च्या डिसेंबरमध्ये आपले सोडियम-बॅटरीचे तंत्र जाहीर केले. चिनी सी.ए.टी.एल.ने आपली पहिली सोडियम बॅटरी २०२१ मध्येच दाखविली होती. म्हणजे शर्यत सुरू झालेली आहे आणि पुण्याच्या हाती या वेळी निदान प्रवेशपत्र आहे. ऑस्टिनच्या हातीही ते होतेच.

या प्रवेशपत्राचे पुढे काय होणार, हे अनुदानाच्या आकड्यावर ठरणार नाही. ए-१२३ ला अनुदान मिळाले होते. तिला मागणी मिळाली नाही. सरकारजवळ मागणी निर्माण करण्याचे साधन आहे. १९४८ साली ज्या पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवरची ‘शिवाई’ धावली. राज्य परिवहन मंडळे, नगरपालिकांच्या बसगाड्या आणि वीजमंडळांचे साठवण-संच यांच्या पुढील दहा वर्षांच्या खरेदीचे वेळापत्रक आधी जाहीर झाले, आणि त्यातील वाढता वाटा देशात बनलेल्या घटांसाठी राखला गेला, तर कारखानदाराला शिकण्यासाठी अवधी मिळेल. या संरक्षणाची अखेरची तारीख मात्र पहिल्याच दिवशी ठरलेली असली पाहिजे. दरवर्षी ते थोडे कमी व्हावे, आणि ज्याची किंमत उतरत नाही त्याचे अनुदानही थांबावे. चीनने अनुदान कापल्यावरच तेथील बॅटरी खऱ्या अर्थाने स्वस्त झाली, हे विसरून चालणार नाही. नाहीतर स्कूटरची ती जुनी रांग नव्या नावाने पुन्हा उभी राहील, आणि तिच्यात या वेळी एस.टी.चा प्रवासी आणि ई-रिक्षावाला उभे असतील.

जॉन गुडइनफ २०२३ च्या जून महिन्यात वयाच्या शंभराव्या वर्षी निवर्तले. सत्त्याण्णवाव्या वर्षी नोबेल मिळविणारा हा वृद्ध शास्त्रज्ञ अखेरपर्यंत नव्या घटाच्या शोधात होता. त्याचे ऋण जगाने मान्य केले आणि ते योग्यच झाले. पण त्याच्या शोधावर ज्यांची चूल पेटते ते कामगार ऑस्टिनमध्ये नाहीत, निंगद आणि शेंझेनमध्ये आहेत. पुण्याच्या प्रयोगशाळेतून निघालेला घट कोणाच्या गावी जाऊन मोठा होणार, याचा निर्णय अद्याप झालेला नाही. तो होण्यास फार अवधीही उरलेला नाही.